जरा पिवळा

मंगळवार, ता. ९
पावसाचा चौथा दिवस. दवाखान्याची बाहेरची भिंत अर्धी रंगवलेली, अर्धी ओकीबोकी. माझी पाचही माणसं गोदामात पत्ते कुटतायत आणि मी नुसत्या येरझाऱ्या घालतोय. बास झालं. उद्यापासून शाळा! रंग कालवायला शिकवतो सगळ्यांना — बादल्या मी एकट्यानेच किती दिवस ढवळायच्या?

बुधवार, ता. १०
दवाखान्याने दिलेला नमुना समोर ठेवला आणि तसाच पांढरा कालवून दाखवला. पुठ्ठ्यावर हात मारला, वाळवला, शेजारी धरला. तंतोतंत! चौघं लगेच म्हणाले, "जुळला, शेठ." काका मात्र मान वाकडी करून — "जरा पिवळा वाटतोय."

बाबांच्या वेळचे कारागीर, म्हणून ऐकून घेतलं. पण डोळे गेलेत त्यांचे. उघडीप झाली की त्यांना घरी बसवायचं. ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं मला. कुठल्या तोंडाने सांगू? दिवसभर डोकं भणभणतंय.

गुरुवार
पाऊस. काकांशी बोलायचं टाळलं.

शुक्रवार, ता. १२
पुरावा हवा म्हणून सहा पुठ्ठे केले. पहिला निव्वळ पांढरा, पुढच्या प्रत्येकात पिवळ्याचा एकेक थेंब जास्त. आकडे मागच्या बाजूला. म्हटलं, काका, फिक्यापासून गडदपर्यंत लावा. त्यांनी चहा निवायच्या आत लावले. उलटून पाहिले — एकही चूक नाही. मग चौघांनीही लावले. सगळ्यांचे बरोबर.

मला कोणी लावायला सांगितलं नाही. सगळे एकदम उठून ब्रश धुवायला लागले. आठवडाभराचे कोरडे ब्रश!

शनिवार, ता. १३
पुठ्ठे घरी आणले. बायकोने पिसून दिले. भर दुपारी खिडकीत तीनदा लावले, तीनदा चुकलो. मला सहाही सारखेच दिसतात. ती म्हणाली, "अहो, हे तर दारातूनही कळतंय." मग तिने पुठ्ठे गोळा करून ठेवले. मला भीती वाटतेय.

रविवार, ता. १४
काकांच्या घरी गेलो. विचारलं, कधीपासून?

"दोन वर्षं झाली. तू बादली ढवळून गेलास की आम्ही नीट करून घेतो. पोरांना मीच बजावलं होतं, बोलायचं नाही म्हणून."

मग बुधवारी का बोललात?

"बुधवारी तू शिकवत होतास. चुकीचं कसं शिकू द्यायचं त्यांना?"

राग आला. कोणाचा, ते घरी येईपर्यंत कळलं नाही.

सोमवार
ऊन पडलं. रंग काकांनी कालवला. मी शिडी धरली.