नेच्यावरचा पतंग आणि सासऱ्यांचा सूक्ष्मदर्शक

४ जून
आमचे साडू दात उपटतात. तेवढ्यावर त्यांनी थांबायला हवे होते. आता नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, पानांवर वाढणाऱ्या पतंगाच्या अळ्या पाळल्या आहेत. सासरे निवृत्त जीवशास्त्र-शिक्षक, हरखून गेले. पतंग ज्याच्या घरी निघेल त्याला माझा पितळी सूक्ष्मदर्शक, म्हणाले. मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेला. प्रश्नच मिटला.

५ जून, सकाळी
साडूंकडून अळ्यांसकट एक कुंडी आणली. त्यांच्या कुंड्या बाथरूमच्या खिडकीत, बादलीशेजारी! याला संशोधन म्हणायचे. मी अभ्यासिकेत काचेची पेटी आणि थर्मामीटर मांडले. अळ्यांना आयसीयूत टाकलंत का, हिने विचारले. मी तापमान टिपून घेतले.

९ जून
पानांच्या पाठीवर तपकिरी भुकटी. उघड बुरशी! साडूंनी रोगट कुंडी माझ्या गळ्यात मारली. मऊ ब्रशने पानन् पान लख्ख केले. ब्रश त्यांच्याच दवाखान्यातून फुकट मिळालेला. तेवढे श्रेय देतो.

१३ जून
पुन्हा ठिपके, पुन्हा ब्रश. अळ्या दिसत नाहीत. शिस्तीने लपल्या असाव्यात. झाडलेली भुकटी हिने बशीत घेऊन, वर चाळणी पालथी घालून, स्वयंपाकघरात ठेवली आहे. वळवळतंय हो काहीतरी, म्हणाली. हिला कचऱ्याचीही दया येते.

१८ जून
साडूंचा फोन. त्यांच्या अळ्या कोषात गेल्या. काय तो आवाजातला गोडवा! तुमच्या कशा आहेत साडूबुवा, म्हणे. पाने चकचकीत आहेत, असे बाणेदार उत्तर दिले. जेवण गेले नाही. अर्थात पित्तामुळे.

२४ जून
साडूंचे सगळे कोष पालीने फस्त केले. अतीव दुःख झाले. दोनदा फोन करून सविस्तर ऐकले. दोन वेळा भात घेतला.

१ जुलै
पतंग निघाला. स्वयंपाकघरात, चाळणीखाली. चिमुकला, पिवळट. सासरे आणि साडू धावत आले. ताई, कमाल केलीत, असे साडू हिला म्हणाले. ती भुकटी म्हणजे बुरशी नव्हे, नेच्याचे बीजाणू; या अळ्या म्हणे तेच खातात आणि त्यांचीच दुलई करून आत राहतात. मग पानांवरून त्यांना झाडले कोणी, अशी चौकशी सुरू झाली. मी थर्मामीटर वाचत होतो. सासऱ्यांनी सूक्ष्मदर्शक लेकीच्या हाती दिला.

२ जुलै
सूक्ष्मदर्शक अखेर माझ्या घरी आला, साडूंच्या नव्हे. योजना फळली. सकाळी डोळा लावायला गेलो, तर लांबूनच बघा, तुम्ही काहीतरी पुसाल, असे ही म्हणाली. लांबून पितळ उत्तम दिसते.