पक्ष्याची मागची बाजू

१० जाने. १९५५, सोमवार
साहेबांच्या गाडीच्या बॉनेटवरच्या धातूच्या पक्ष्याची चोच पिवळी पडली. पंखांच्या कडाही. बाईसाहेब म्हणाल्या, "गणपत, तू फार घासतोस." सहा वर्षं याच हाताने, मऊ फडक्याने पुसतोय. पाच वर्षं चकचकीत होता, मग याच वर्षी काय झालं? तोंडावर बोललो नाही. साहेबांच्या लेकीच्या, ताईंच्या लग्नाला गाडी सजणार, त्याआधी पक्षी नवा दिसायला हवा.
बाईंचं म्हणणं, मुंबईला मोटारकंपनीच्या गॅरेजात द्या. साहेब चटकन म्हणाले, "नको, कॅम्पातून करून आण." साहेब काही चिक्कू नाहीत. मग सिंधी निर्वासितांचा कॅम्प कशाला?

११ जाने.
पक्षी खोलला. मागे कंपनीचे आकडे, पण पुसट. नटांवर पान्याचे ओरखडे. मी तर आजवर कधी खोलला नव्हता.
पंखाखाली कानशीने बारीक फुली मारून ठेवली. कॅम्पातली माणसं हुशार. विलायती माल ठेवून घेतील नि भलताच हातात देतील. बाई धरणार मलाच. ड्रायव्हरचं नाव एकदा खराब झालं की अंबरनाथात कुठल्याच बंगल्यावर उभं करत नाहीत.

१३ जाने.
कॅम्प १. लालचंद गिलीटवाला. एवढीशी खोली, त्यात तीन टाक्या. ॲसिडने डोळे झोंबले. "साईं, आठ दिन." म्हटलं, मी इथेच बसतो. हसला. "आठ दिन बैठोगे?" पक्षी उलटा करून जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं काही मला आवडलं नाही.
बदलापूरला घरी सांगितलं. ही म्हणते, "तुमाला देवाचाबी भरवसा नाय." देव गाडीचे पार्ट विकत नाही.

१७ जाने.
साहेबांना फॅक्टरीवर सोडून कॅम्पात चक्कर. दार बंद. शेजारी म्हणाला, निकल आणायला ठाण्याला गेलाय. निकल आणायला की गिऱ्हाईक शोधायला?

२१ जाने., शुक्र.
साहेब मुंबईत, मला सुट्टी. पक्षी आणायला गेलो. तोंड दिसेल असा लखलखीत. पंखाखाली बोट फिरवलं. फुली नाही.
डोकंच फिरलं. चार माणसांत त्याला चोर म्हणालो. लालचंद ओरडला नाही. "घिसाई के बिना पॉलिश होता है क्या? तुम्हारा निशान पहले दिन ही देखा था. तभी समझ गया, भरोसा नहीं है." एवढं बोलून त्याने माझ्यासमोर पक्षी ॲसिडात सोडला. आठ दिवसांचं काम. मी थांब म्हणालो नाही.
क्रोम लगेच उतरलं. निकल उतरायला दुपार झाली. खालून पिवळं पितळ.
"देखो. असली माल जस्त का होता है, सफेद. कराची में यही पंछी कितने किए मैंने. ये पीतल है, रेत के साँचे का. असली पर से छाप लिया, इसीलिए नंबर धुंधला. तुम लाए तब भी यही था."
म्हटलं, मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस?
"बोलता, तो चोर किसको बोलते?"


२२ जाने.
लालचंदवर ढकलता येत नाही. चोच पिवळी पडली ती माझ्याच फडक्याखाली. आकडे पुसट असल्याचं मीच अकरा तारखेला लिहिलंय. म्हणजे पक्षी आधीच बदललेला.
जुनी वही काढली. गेल्या मार्चात आईच्या दिवसांसाठी पंधरा दिवस रजेवर होतो. गाडी साहेब स्वतः चालवत. चावी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. म्हणूनच कंपनीचं गॅरेज नको होतं. पण साहेबांनी असं का...
बाईंना सांगावं तर पहिलं बोट माझ्याकडे. न सांगावं नि उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं तर? भीती वाटते, खोटं कशाला लिहू.

२९ जाने.
लालचंदने पक्षी पुन्हा केला. मी सांगितलंही नव्हतं. हातात देताना म्हणाला, "निशान कहाँ लगाऊँ?" नको म्हटलं. फार लाज वाटली. चहा त्यानेच पाजला. आता ही गोष्ट आम्हा दोघांनाच ठाऊक. आणि जर मी बरोबर असेन, तर तिसऱ्यालाही.

३१ जाने., सोमवार
सकाळी पक्षी बसवला. बाई खूश. "तुझ्या हाती दिला म्हणून मला घोर नव्हता." मान खाली घालून उभा राहिलो.
साहेब व्हरांड्यातून उतरले. स्वतःच्या रुमालाने पंख पुसला. असं कधी करत नाहीत. बाई आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "गणपत, मागची बाजू पाहिलीस का रे?"
"नाही साहेब."
"बरं." तरी हलले नाहीत. लालचंदने पक्ष्याकडे बघितलं होतं तसे माझ्याकडे बघत राहिले.
सहा वर्षांत त्यांच्याशी पहिल्यांदाच खोटं बोललो. उद्या आठला गाडी लावायची आहे.