बैल बघायला आलेला पाहुणा

॥ श्रीराम ॥

तीर्थस्वरूप रामराव दाजींच्या पायांवर पुंजारामने डोके ठेवले आहे, असे समजावे.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? द्वारकाअक्काचा खोकला हैदराबादच्या हवेत थांबला नसेल, तर अडुळशाचा काढा घ्यावा असे गोजरबाईने तीनदा बजावून लिहायला सांगितले आहे. इकडे रामाच्या कृपेने आम्हा सर्वांचे बरे आहे. (हे वाक्य सवयीने लिहिले गेले. पत्र वाचून झाल्यावर ते ठेवायचे की खोडायचे, ते तुम्हीच ठरवा.)

मागच्या गुरुवारी सकाळी मी बैलांना पाणी दाखवून ओसरीत जप करत बसलो होतो. साठ-पासष्ट मणी झाले असतील, तोच दारात एक पाहुणा उभा राहिला. उंच, ताठ, मिशी कातरलेली, आणि धोतर इतके नवे की दुकानातल्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. म्हणाला, बैल बघायला आलो आहे. मी गोठा दाखवला. त्याने बैलांकडे पाहिले, बैलांनी त्याच्याकडे पाहिले, आणि दात बघणे नाही, खूर बघणे नाही, एकदम विचारले, "तुमचा मुलगा किती वर्षांचा आहे?"

दाजी, यावर कोणताही जाणता माणूस काय समजेल? अक्कासाठी तुमच्या घरी चौकशीला आलो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. दादा आणि मी तुमच्या वाडवडिलांच्या गावी बैल बघायलाच आलो होतो. मुलीकडचा माणूस कधी "सोयरिकीला आलो" म्हणून दारात उभा राहत नाही. तो बैल बघतो, नाही तर वाट चुकतो. (तुमच्या शेजाऱ्याने तेव्हा आम्हाला सांगितले होते, की रामरावांना राग म्हणून माहीत नाही. असो. अक्का सुखात आहे.)

म्हणून मी त्याला ओसरीत बसवले आणि तुमच्याकडे हैदराबादला राहून शिकलेल्या आपल्या धर्मराजाबद्दल जे जे मुलीच्या बापाला ऐकायला आवडेल ते ते सांगितले. खोटा एक शब्द नाही. पोरगा काचेसारखा आहे, म्हटले. मनात आले की लगेच तोंडावर येते. दिवेलागणीच्या आत घरी. अनोळखी माणसाशी दोन शब्द बोलायचे तर घाम फुटतो. कुठे भांडण चालू दिसले तर दुसऱ्या गल्लीने येतो. पाहुण्याने खिशातून चिमुकली वही काढून हे सगळे लिहून घेतले. मला वाटले, मुलीचा बाप मोठा काटेकोर आहे. त्याने विचारले, एखादी गोष्ट मुलाच्या पोटात राहते का? मी उत्तर देण्याआधीच गोजरबाई दाराआडून बोलली, "न्हाई बाई! त्याच्या पोटात बाहेरचं पाणी राहत न्हाई, तर गोष्ट कुठून राहणार? माझ्या हातचंच लागतं त्याला." तेही वहीत गेले.

पाहुण्याला जेवू घातले. निघताना रीतीप्रमाणे नारळ आणि टॉवेल-टोपी दिली. टोपीकडे तो बराच वेळ बघत राहिला, मग डोक्यावर घालून गेला. बैलांची आठवण दोघांनाही राहिली नाही.

सोमवारी मी इस्माईलभाई शिंप्याच्या दुकानावरून जात असताना त्याने मला हाताला धरून आत ओढले, दार लावले आणि कापडाच्या गठ्ठ्याखालून एक पाकीट काढले. धर्मराजाचे होते. आठ दिवसांपूर्वी आलेले. मी म्हटले, आठ दिवस काय केलेस? तर म्हणतो, "पुंजाभाऊ, वर काय लिहिल्तं पोरानं? एकट्याला गाठून, कोणी न्हाई असं बघून द्या. माझ्या दुकानात कधी कोणी न्हाई असं होतं का? रोज चार माणसं बसून राह्यलेत. आज सगळे मयतीला गेलेत, मंग बराबर दिलं. बिलकुल कोणाला बोललो न्हाई, माझ्या ताहेराच्या आईलाही न्हाई." आमच्या गावात गुपित राखणारा एकच माणूस निघाला, आणि त्यानेच असा घोटाळा करावा!

पत्रात काय होते ते आता तुम्हाला कळले असेल. सिकंदराबादच्या छावणीत फौजेचे एक खाते आहे. शत्रूकडच्या बातम्या मिळवायच्या, त्यातले खरेखोटे पारखायचे आणि वर कळवायचे, हे काम तिथे शिकलेल्या अफसरांना देतात. धर्मराजाने एम.ए. होताच तिथे अर्ज केला, मुलाखतीत उतरला. आता फक्त घरची चौकशी बाकी होती. त्याने लिहिले होते: 'एक माणूस येईल. तो कोण ते ओळखल्याचं दाखवू नका. मी एकटा कुठेही राहू शकतो, कोणाशीही बोलू शकतो आणि गोष्ट पोटात ठेवतो, एवढं त्याला कळू द्या. बाबा, ही एकदाच मिळणारी संधी आहे, ते पुन्हा विचारायला येणार नाहीत.'

मी ते पत्र दुकानातच तीनदा वाचले. चांगला जावई म्हणून जे जे सांगितले, त्यातल्या एकेका गुणाने पोराच्या पायात बेडी पडली होती. दिवाळीत त्याने फौजेचा विषय काढला, तेव्हा त्याच्या आईने दोन दिवस अन्न सोडले होते. मग त्याने विषय सोडला, असे आम्ही समजलो. आता तो तिकडे निकालाची वाट बघत असेल, आणि त्याच्या आयुष्याचा निकाल मी ओसरीत बसून, हातात जपमाळ धरून देऊन टाकला.

मंगळवारी चालत जांबेला राममंदिरात गेलो. रामापुढे दुपारपर्यंत बसलो. खोटे लिहायचे नाही आणि पोराचे नुकसानही होऊ द्यायचे नाही, यावर देव काही बोलेना. परत येताना वाटेत मला आठवले. हाच धर्मराज आम्हाला दोन वर्षे वकिली शिकतो म्हणून कळवत होता! पत्रातून खटले सांगायचा, न्यायाधीश काय म्हणाले ते सांगायचा. मी सगळ्या गावाला त्याला वकीलसाहेब म्हणायला लावले. आणि शेवटी सर्टिफिकेट आले ते इतिहासाचे. तेव्हा मी महिनाभर त्याच्याशी बोललो नव्हतो. (तुम्हाला हे आधी ठाऊक होते का, हे मी अजून विचारलेले नाही. याही पत्रात विचारत नाही.)

घरी येऊन मी त्या कचेरीला पत्र लिहिले: 'गुरुवारी सांगितले ते खरे, पण अपुरे आहे. या मुलाने जन्मदात्याला दोन वर्षे फसवले आणि मला एक दिवसही शंका आली नाही. यापरती लायकी मला ठाऊक नाही. सोबत त्याची वकिलीची अकरा पत्रे जोडली आहेत.' हे पाकीट माझ्या बंडीच्या खिशात आहे. पाठवावे की नाही, तुम्ही वडीलधारे आहात, सल्ला कळवावा.

आपला,
पुंजाराम

ता. क. एक गोष्ट वर लिहिली नाही. पाहुण्याने ओसरीखाली जोडे काढले, ते खिळे मारलेले फौजी बूट होते. एकमेकांना चिकटून, रेघेत ठेवले. मुलीचा बाप असे जोडे काढत नाही, दाजी. मला तेव्हाच कळले होते. त्यानंतरच मी पोराची स्तुती सुरू केली. म्हणून रामापुढे मला दुपारपर्यंत बसावे लागले.

ता. क. दुसरा. सल्ल्याची तसदी घेऊ नका. खरी विनंती वेगळीच आहे. तो रुजू व्हायच्या आधी एक दिवस त्याला आईकडे घेऊन या, आणि तो सरकारी वकिलीत लागला असे तिला सांगा. मला खोटे बोलवत नाही, तुम्हाला जमेल. ते पाकीट आज सकाळी जालन्याला जाऊन मी माझ्या हाताने पेटीत टाकले. टाकल्यावर लगेच आत हात घालून पाहिला. मनगटापुढे जात नाही.