अखाजीची रजा

३ मार्च, सोमवार
आज मिल चालू. म्हणजे आज, उद्या, परवा. गुरुवारपासून पुन्हा बंद. दिवाळीपासून हेच चाललंय, ऑर्डरीच नाहीत.
शेठने केबिनमध्ये बोलावलं. न मागता चहा आला तेव्हाच समजले, काहीतरी कडू आहे. "सुनंदाबेन, फोल्डिंगमां नव माणस शुं करवा? त्रण ओछा करो."
मी म्हटलं, नऊतलं एकही माणूस कमी करू नका. रोज सहाच येतील, तिघं आलटूनपालटून घरी. सगळे वाटून घेतील. बराच वेळ पेनचं टोपण उघडत-मिटत बसले. मग ठीक म्हणाले. पण एक अट. छापलेल्या कापडाची एक जरी गाडी वेळेवर भरली नाही तर माझं फोल्डिंगचं, घडी-पॅकिंगचं खातं ठेकेदाराला देणार. ठेकेदार त्याची माणसं आणणार. म्हणजे आमचे नऊही घरी. त्यात मी आलेच.
हो म्हणून बाहेर आले.

४ मार्च
सगळ्यांना सांगून टाकलं, अटीसकट. लपवून काय करू, चेहऱ्यावर दिसतंच माझ्या.
घडीच्या मशीनवरचा भटू पट्टा पुसत राहिला. तसा तो बोलतो कमीच. चेकिंगच्या हिराबाईंनी देवाचं नाव घेतलं. ताग्यांवर शिक्का मारणारी वंदना म्हणाली, "ताई, ही सुट्टीची पाळी तुम्हालाही आहे का?"
याचा विचारच केला नव्हता. हो म्हणाले. अब्रूचा प्रश्न.

१० मार्च, सोमवार
कोणतेही तिघं घरी असले तरी काम चाललं पाहिजे, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचं काम यायला हवं. तर आजपासून जागा बदलून शिकायचं. भटूच्या घडीच्या मशीनवर वंदना, वंदनाच्या शिक्क्यावर प्रशांत (ओडिशाचा, पॅकिंगवाला. त्याला मराठी येत नाही आणि आम्हाला ओडिया. तरी त्याच्याशीच भांडणं सगळ्यांत कमी).
हिराबाई मात्र उठेनात. चेकिंगच्या टेबलावर बारा वर्षं बसल्यात, छपाईतला डाग त्यांच्या नजरेतून सुटत नाही. "हाई मनं टेबल शे," म्हणाल्या आणि चष्मा लावून मी समोर नाहीच असं दाखवलं.
बळजबरी केली नाही. करूनही उपयोग नव्हता.

१२ मार्च, बुधवार
माझी घरी बसायची पाळी. सकाळी पडदे धुतले. दोनदा फोन केला मिलमध्ये. तिसऱ्यांदा वंदनाने उचलला नाही. हे म्हणाले, "मिल तिकडे सचिन भागात, तू इथे पर्वत पाटियाला घरी. मग पदर कशाला खोचलायस?"
संध्याकाळी मेसेज: गाडी गेली.
बरं वाटलं. जरा वाईटही वाटलं, खोटं कशाला लिहू. माझ्यावाचून अडलं नाही काहीच.

२१ मार्च
मिल बंद, तरी ऑफिसने सगळ्या खात्यांच्या मुख्यांना बोलावून एक व्हिडिओ बघायला लावला. कठीण काळात संघ कसा मजबूत करावा. गोरे गोरे गृहस्थ, मागे कुंडी. म्हणाले दीर्घ श्वास घ्या आणि सगळं ठीक होईल असं माणसांना सांगत राहा. डाइंगचे जाधव घोरत होते.

२५ मार्च, मंगळवार
सकाळी अफवा. मिल विकली. हात चालेनात कुणाचे. मी त्या कुंडीवाल्यासारखं म्हटलं, काही होत नाही, सगळं ठीक आहे.
हिराबाईंनी चष्म्यावरून पाहिलं फक्त. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
सरळ शेठकडे गेले. विकली नाही. पण पार्टनर व्हायला तयार असलेले दोघं मिल बघून गेले हे खरं. खाली येऊन तेच सांगितलं. पुढे काय? माहीत नाही. "माहीत नाही" असंच म्हटलं, मोठ्याने. मग ठरवून टाकलं, दर सोमवारी दहा मिनिटं उभं राहायचं, जे कळलंय ते सांगायचं, जे नाही ते नाही म्हणायचं. 
काम सुरू झालं पुन्हा. खरं ऐकून माणसं शांत होतात, हे मला या वयात कळतंय.

३१ मार्च
सोमवारची दहा मिनिटं. नवीन काही नव्हतं, तेच सांगितलं. प्रशांत म्हणाला, "दीदी, कुछ नहीं है तो भी बताना. अच्छा लगता है."

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. वंदनाची रजा, पांढरी साडी नेसून सगळं कुटुंब मिरवणुकीला. (भुसावळचं रेल्वेतलं घर त्यांचं. आजोबा इकडे आले ते इकडचेच झाले.) तिचा शिक्का भटूने सांभाळला. दोन तागे उलटे मारले, पण सांभाळला.
आणि एक मोठीच गोष्ट. हिराबाईंनी चेकिंगच्या टेबलाशेजारी स्टूल ओढून प्रशांतला बसवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी तिकडे बघितलंच नाही, नाहीतर उठवला असता त्याला.

१६ एप्रिल
आलं बालंट. अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. सहा जण गावाला जाणार म्हणतात, सहाच्या सहा खान्देशातले. घागर भरायची, लेकीबाळी माहेरी येतात, झोके, सांजोऱ्या, आमरस. कुणाला नाही म्हणू? मी त्याच मातीतली. मलाही जायचं असतं दरवर्षी.
शेठचं तोंड कडू. "अखाजीमां गया ए गया, बेन." अखाजीलाच गावाकडे सालदार ठरतात, वर्षभराचं बोलणं होतं शेतमालकाशी, हे त्यांना कुणीतरी सांगितलंय. खोटं नाही ते. बाकी खात्यांत रजा बंद केल्यात. आणि ३० तारखेला, ऐन अखाजीला, लग्नसराईच्या मालाची गाडी भरायची आहे.
रात्रभर विचार म्हणून नाही, पण भाकरी करताना विचार केला. धरून ठेवलं तर न सांगता जातील. न सांगता गेलेला माणूस लाजेने परत येत नाही. 

१७ एप्रिल
बंद दिवस असून मिलमध्ये गेले. शेठला म्हटलं, सहाही जण जातील. गाडी आम्ही तिघं भरू, मी, वंदना, प्रशांत. नाही भरली तर ठेकेदाराला बोलवा, मी स्वतः चाव्या देईन.
"तमे गांडा थई गया छो," म्हणाले. वेड लागलंय म्हणे मला. पण रजांवर सही केली.
वंदनाला फोन केला तर म्हणते, "माझ्या जयंतीला सगळ्यांनी माझं टेबल सांभाळलं ना ताई? मग."

२३ एप्रिल, बुधवार
आज घरी असलेले तिघंही आले. हजेरी नको म्हणाले. जमेल तेवढा माल आधीच उरकून ठेवला. हिराबाई कोसाडहून दोन बस बदलून येतात, त्याही आल्या. निघताना म्हणाल्या, "मी परत येस वं माय, बिही नको."
कोण भीत होतं? मी? हो, मीच.

२७ एप्रिल, रविवार
उधना स्टेशनवर रेल्वेत बसवून आले सगळ्यांना. भटू शेवटी चढला. त्याच्या आईला बरं नसतं, बायको तिकडेच असते. हात केला नाही त्याने. गर्दी होती तशी.

२९ एप्रिल
छपाई खात्याने अर्धा माल संध्याकाळी सोडला. प्रशांत चेकिंगला बसला, हिराबाईंच्या जागेवर. वंदना मशीनवर. मी सगळीकडे.

३० एप्रिल, बुधवार, अखाजी
गाडी गेली. उजेड होता अजून. ड्रायव्हर दोर आवळत होता आणि मी तिथेच पायरीवर बसले. रडू आलं, येऊ दिलं. वंदना पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसली. प्रशांत गेटपर्यंत गाडीमागे चालत गेला, कशाला ते त्याचं त्याला माहीत.
घरी ह्यांनी आंबे पिळून ठेवले होते. रसात साल आणि दशी दोन्ही. दोन वाट्या खाल्ल्या. कितीतरी महिन्यांनी चव लागली जेवणाला.

५ मे, सोमवार
पाच आले. हिराबाई सगळ्यांत आधी, सांजोऱ्यांचा डबा घेऊन. शेठ स्वतः खाली उतरले, मोजल्यासारखं पाहिलं, एक सांजोरी घेतली. बाकी खात्यांत रजा दिली नव्हती, तरी निम्मे गेले ते आलेले नाहीत. म्हणाले फोल्डिंग तुमच्याकडेच राहू दे, आणि या आठवड्यापासून चार दिवस मिल. हलकं वाटलं एकदम, डोक्यावरून हंडा उतरवल्यासारखं.
भटू नाही आला. हिराबाई म्हणतात गावातल्या एकाने त्याला सालदार म्हणून विचारलंय. बोलणं अजून पक्कं नाही.

६ मे, मंगळवार
जेवणाच्या सुट्टीत भटूचा फोन. आधी गाडी भरली का ते विचारलं. मग म्हणाला, "ताई, साल धरू का येऊ? मिलमा काम राहीन का?"
सगळ्यांच्या माना माझ्याकडे. हो म्हटलं असतं तर संध्याकाळच्या गाडीने निघाला असता. जीभ वळवळली. पण म्हटलं, चार दिवस काम आहे. पुढचं मला माहीत नाही, भटू. तुझी जागा महिनाभर कुणाला देत नाही, एवढं माझ्या हातात आहे. तिकडे आई आहे, बायको आहे. तुला काय वाटतं?
"घरमा सगळासनी सांगं काय कर ते," म्हणाला. "माले काय वाटस, हाई कोनीच इचारं नव्हतं."
विचार करून सांगतो म्हणाला. मी बरं म्हटलं. पूर्वी एक माणूस कमी झाला की दिवसभर फोन करत बसायचे. आज फोन ठेवला आणि डबा उघडला. भटू आला तर त्याचं मशीन आहे, नाही आला तर ते चालवायला शिकलेले तिघं आहेत. यावा असं मात्र फार वाटतं.