पाच नंबरचा पहिला नंबर

४ मार्च
प्रयोग संपला. टोमॅटोची शेवटची रोपं मोजून झाली. सात ट्रे, सात प्रकारचं पाणी. एक नंबर म्हणजे साधं नळाचं, बाकी सहा मिश्रणं. त्यातलं पाच नंबर माझं स्वतःचं. पाच नंबरची रोपं उंच आहेत हे आंधळ्यालाही दिसेल. तरी पण थीसिस म्हटला की स्टॅटिस्टिक्स आलंच. दोन दिवसांत उरकतो. महिनाअखेर सबमिशन.

बायको फिजिओथेरपिस्ट आहे, तिला प्रत्येक गोष्टीचं आधी वेळापत्रक लागतं. कुठली टेस्ट लावायची ते आधीच ठरवलंयस ना, असं विचारत होती. मी म्हटलं, आधी ठरवलं की माणूस बांधला जातो.

६ मार्च, दुपारी
सातही गट एकत्र टाकून ॲनोव्हा केली. निकाल: विशेष फरक नाही. पी व्हॅल्यू ०.२१; फरक खरा मानायला ती ०.०५ च्या खाली लागते.
ॲनोव्हा ही फार ढोबळ टेस्ट आहे. माझ्या डेटाला बारीक नजर हवी.

६ मार्च, संध्याकाळी
लावली बारीक नजर. प्रत्येक गटाची प्रत्येक गटाशी वेगळी टी-टेस्ट. एकवीस जोड्या होतात. वीस जोड्यांत काही नाही. एकविसाव्या जोडीत, पाच विरुद्ध दोन: ०.०१६.
सिद्ध झालं. खुर्चीवरून उठून लॅबमध्ये एक चक्कर मारली.

घरी येऊन सासऱ्यांना फोन. त्यांची रोपांची नर्सरी आहे. आमच्या रोपांना पाच नंबर घालू का, म्हणाले. मी नम्रपणे सांगितलं, सायन्स तरी हो म्हणतंय. उद्या एक पिंप भरून पाठवतो.

९ मार्च
गाइडबाईंना निकाल दाखवला. त्यांनी चष्मा काढला. हे चांगलं लक्षण नव्हे. त्यांचं म्हणणं, एकवीसदा खडा मारला तर एखादा आंबट-गोड काहीतरी पाडणारच, त्यात नेमबाजी कसली. शिवाय दोन नंबर सगळ्यांत बुटका आणि पाच नंबर सगळ्यांत उंच. त्या दोघांना शेजारी उभं केलं तर फरक दिसेल नाही तर काय. सगळ्या जोड्यांची तुलना करायची तर टुकीची टेस्ट लावा म्हणाल्या.
बाई जुन्या वळणाच्या आहेत.

१० मार्च
टुकी लावली. ०.१९. पाच नंबर गेला.
टुकी हा कोण गृहस्थ होता माहीत नाही, पण मुलगी बघायला आलेल्या मंडळींतला तो काका असावा, ज्याला कुठलंच स्थळ पसंत पडत नाही.

१२ मार्च
सॉफ्टवेअरच्या यादीत टेस्टची रांगच्या रांग आहे. एकीवर अडून बसणं हा कोतेपणा. बॉन्फेरोनी करून पाहिली. ती सरळ पी व्हॅल्यूला एकवीसने गुणते. म्हणजे मी जितकी जास्त मेहनत केली तितकी शिक्षा जास्त. शेफे त्याहून कडक. डनेट फक्त साध्या पाण्याशी तुलना करते. साध्या पाण्यापेक्षा पाच नंबर सरस आहे असं तिला वाटत नाही. डनेट रद्द.

मग एलएसडी. तिने लगेच हो म्हटलं. स्वभावाने मोकळी टेस्ट. माझ्या थीसिसला हीच शोभते.

१३ मार्च
बाई म्हणाल्या, एलएसडी म्हणजे तुमच्याच टी-टेस्टची सख्खी बहीण. आणि ॲनोव्हाने आधीच नाही म्हटल्यावर तिच्या दारात जायचंच नसतं.
सगळं घराणंच माझ्या विरोधात.

१६ मार्च
सासऱ्यांनी फोटो पाठवला. नर्सरीच्या फाटकावर मोठा बोर्ड लावलाय: ‘जावईबापूंच्या संशोधित मिश्रणावर वाढवलेली रोपं’. पूर्वी येत नव्हती ती गिऱ्हाइकं येऊ लागलीयेत. बायकोने फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “बाबांना टुकीचं सांगितलंस का?”
म्हटलं, त्यांना नसत्या तांत्रिक तपशिलात कशाला ओढायचं.
पोटात मात्र जरा गोळा आला. पित्त असावं.

१८ मार्च
युक्ती सुचली. सात गट ठेवलेच कशाला? तीन, चार, सहा आणि सात हे तसेही कंटाळवाणे गट होते. काढून टाकले. उरले तीन. जावा कमी तर भांडणं कमी. टुकीनेही मान डोलावली: ०.०४६.
याला फसवणूक म्हणत नाहीत, फोकस म्हणतात. शुक्रवारी सेमिनार.

२१ मार्च
सेमिनार झाला. पहिली दहा मिनिटं उत्तम. मग मागच्या रांगेतून स्टॅटिस्टिक्सचे सर उठले आणि ट्रेवर एक, दोन, पाच असे नंबर का, मधले कुठे गेले, एवढंच विचारलं. मी म्हणालो, जागेअभावी. लोक हसले. बाई हसल्या नाहीत.

नंतर त्यांनी केबिनमध्ये बसवून घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “तुमचा पाच नंबर खरंच चांगला असेल, तर पुन्हा लावल्यावरही उंच येईल. लावा.”
बरं म्हटलं. मला भीती कसली?

२ मे
नवीन प्रयोग पूर्ण. फक्त पाच आणि दोन, भरपूर रोपं, एकच टेस्ट, तीही आधी ठरवलेली. बाईंनी सही करून घेतली होती.
पाच नंबर बुटका आला. फार नाही, दोन नंबरपेक्षा जरासा. विशेष फरक नाही.
मोजपट्टी बदलून पाहिली. तीच गत.

३ मे
दिवसभर बोर्ड डोळ्यांपुढे. त्या बोर्डावर विश्वासून लोकांनी रोपं नेली. सासऱ्यांचं नाव खराब होणार, आणि ते माझ्यामुळे. बायको म्हणाली, तू सांगतोस की मी सांगू? मीच सांगणार. पित्त नव्हतं ते.

१४ जून
थीसिस दिला. निष्कर्ष एका ओळीचा: सातही प्रकारांत फरक आढळला नाही. बाईंनी पाठ थोपटली. त्यांच्या मते हेही संशोधनच.

संध्याकाळी सासरे जेवायला आले. आज नको, उद्या नको करत इतके दिवस ढकललेलं अखेर सांगून टाकलं. पाच नंबरमध्ये काही नाही, बोर्ड उतरवा, गिऱ्हाइकांची माफी मी मागतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पोळीचा तुकडा मोडला.
“माफी कसली, जावईबापू? ते पाणी मी घातलंच नाही. फार वास मारायचं. पहिल्याच दिवशी ओतून दिलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”
मी बायकोकडे पाहिलं. ती भाजी वाढण्यात फारच गुंतलेली होती.
रोपं झकास आलीयेत, असंही ते म्हणाले.