पत्र कुणाच्या नावानं

१४ जून १९९९, बारामती

"फौजींच्या बायकांनो, नवरा तुमचा आणि पत्र सासऱ्याच्या नावानं –" रविवारी शेळगावातल्या सभेत भाषणाची अशीच सुरुवात करायची. पत्र ओट्यावर मोठ्यानं वाचलं जातं. बायको दाराआड उभी. तिच्या वाट्याला शेवटची ओळ – "घरी सर्वांना सांगणे." माझी भावजय म्हाळसाही अशीच ऐकते. नागेश, माझा धाकटा भाऊ, तिकडं कारगिलला. रेडिओवर रोज बातम्या.

भाषणासाठी दाखला मिळालाय. कॉलेजच्या वाचनालयात जुन्या इंग्रजी मासिकात पहिल्या अमेरिकन अंतराळवीरांच्या बायकांवर लेख आहे. यान उडायच्या दिवशी बाकीच्या बायका काहीबाही रांधून उडणाऱ्याच्या बायकोच्या घरी जायच्या, दिवसभर बसायच्या. अंगणात वार्ताहर. चेहऱ्यावर भीती दिसता कामा नये. घरात एक छोटा कर्णा बसवलेला – यानातलं बोलणं तिला ऐकू यावं म्हणून. आणि एकदा वर खरंच संकट आलं, तर नेमका तेव्हाच तो बंद केला.

डोकं तापलं. ज्या क्षणासाठी ती कान देऊन बसली, तोच तिच्यापासून लपवायचा! हे बोललंच पाहिजे.

१७ जून

आबा, माझे वडील, मार्केट यार्डात आले होते, तिथून माझ्या खोलीवर. पाणी प्यायले, मग बंडीच्या खिशातून नागेशचं पत्र काढलं.

"पायाला लागलंय म्हणतोय. थोडंच. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात आणत्यात. म्हाळसाला कळता कामा न्हाय. सातवा महिना हाय."

"आबा, तिला आधी सांगायला हवं."

"त्यानंच लिवलंय, वाच की. तू भाषणं कर, बाई. आधी पोर नीट बाळंत हू दे."

वाचलं. तसंच लिहिलं होतं. एरवी मी कुणाचं ऐकलं नसतं. आज मान डोलावली.

२० जून, शेळगाव

बिरोबाच्या देवळात सभा. बाया साठ-सत्तर. ठरवलेलं पहिलं वाक्य म्हाळसाकडं बघून गाळलं. सरळ अंतराळवीरांवर आले.

कुशाबाई पुढंच बसलेली. "चांदाव गेला तर भाकरी कशी खायाचा?"

"नळीतनं चोखून."

"आन् बायकूला सासू हुती का न्हाय घरात?"

"नव्हती बहुतेक."

"मंग कशाचं आलंय दुक्क!" सगळं देऊळ हसलं.

कर्ण्याचं सांगितल्यावर मात्र कुणी हसलं नाही. म्हाळसा हळूच म्हणाली, "बंद केल्याव ती काय करायची, वन्सं?"

"एक जण थेट त्या केंद्राच्या दारात गेली. तिला आत घेतलं नाही."

"पर ग्येली," म्हाळसा म्हणाली. शेजारच्या सारजानं तिचा हात धरला होता. सारजाचा नवरा बिरू नागेशच्याच पलटणीत.

२१ जून

काल टाळ्या पडल्या. त्या कर्ण्याचं बटण बंद करणाऱ्याचं नाव लेखात नाही. इथं माझं आहे.

२७ जून, शेळगाव

सांगायचंच, म्हणून आले. म्हाळसा भाकरी थापत होती. आबा रानात. मी चुलीपाशी बसले, दोनदा तोंड उघडलं.

"मला ठावं हाय, वन्सं. बारा दिस झालं."

बिरू सारजाच्या माहेरच्या पत्त्यावर लिहितो. तिथं तिचं पत्र मध्ये कुणी फोडत नाही. "गडी सोताचं कदी लिवत न्हाईत. पर दुसऱ्याचं समदं लिवत्यात. आमी चौघी फौजींच्या बायका धुण्याला जातो, तितं जुळवतो. कुणाचा कुठं, कुणाला लागलं. सारजीच्या नवऱ्याचा कान गेलाय, ऐकू येत न्हाय, त्ये मला वट्याव वाचल्याल्या ह्यांच्या पत्रातनं कळलं हुतं."

"मग त्या दिवशी देवळात मला विचारलं का नाहीस?"

तिनं भाकरी उलटली. "तुमी सांगताय का, बघत हुते."

इतक्या सभा गाजवल्या. या बाईसमोर चुलीत लाकूड सारत बसले.

उद्या ती आणि सारजा पुण्याला निघणार. आबांना सांगायचं – बारामतीला तपासायला जातोय. मी म्हटलं, मीही येते.

"नगं. तुमी हितं ऱ्हावा. आबांपाशी माणूस पायजे."

२८ जून

पहिल्या एसटीनं गेल्या. सारजाच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं. आबांनी म्हाळसाच्या हातात लिंबं दिली – गाडी लागेल म्हणून. मी खोटं बोलले.

२९ जून

निरोप नाही. आबा दोनदा फाट्यापर्यंत जाऊन आले. रात्री ओट्यावरच झोपले.

३० जून

डेअरीशेजारच्या बूथवर फोन आला. म्हाळसाचा आवाज सपाट.

"भेटले. बोलत्यात. पाय गुडघ्याखालनं काढलाय, वन्सं. तुला कुणी सांगितलं, म्हणून रागावले. म्हटलं, वन्संनी सांगितलं, पयल्याच दिवशी. लई बरं वाटलं त्यास्नी. – आता आबांना तुमी सांगा. आज, जेवायच्या आदी. कमी करून सांगू नगा."