बाजारचा स्वेटर

बोरगाव मेघे, वर्धा
१७ मार्च २०२५

प्रिय काजल,

सप्रेम जय भीम. सूरजरावांना आणि तिकडच्या सगळ्यांना माझा जय सेवा सांग. स्वीटीला पापा.

आम्ही इकडे बरे आहोत. ऊन आतापासूनच चटके द्यायला लागलं आहे. तुझ्या काकांनी कूलर काढून पुसून ठेवला. ते सकाळी फिरायला जातात आणि येताना रोज मेथीची जुडी आणतात. नको म्हटलं तरी आणतात. आमच्या विवेकचा पुण्याहून परवा फोन आला होता, तुझी चौकशी करत होता. मी म्हटलं, मजेत आहे. तू मजेत आहेस की नाही हे मला चार महिन्यांपासून माहीत नाही, तरी म्हटलं.

अक्षर बघून घाबरू नकोस, पत्र मीच लिहिते आहे. पेनाला बँडेजची पट्टी गुंडाळून तो जाड केला आहे, तेव्हा कुठे धरता येतो. शनिवारी लिहायला बसले, आज सोमवार. फोन करून झालं असतं, पण फोनवर मी लगेच मेथीचं आणि कूलरचं बोलायला लागते. इथेही तेच केलं बघ.

काजल, तुझ्या मुलीला मी जो पिवळा स्वेटर दिला, तो मी विणलेला नव्हता. तो बाजारचा होता. तुझ्या आईला मी फोनवर सांगितलं, "वेळ नाही मिळाला गं." ते खोटं होतं. रिटायर झालेल्या बाईला वेळच वेळ असतो.

स्वेटर मी ऑक्टोबरमध्ये सुरू केला होता, तुला नववा लागला तेव्हा. मऊ लोकर आणली, पाठ विणून झाली. पुढच्या भागाला हात घातला आणि टाके सुटायला लागले. आधी वाटलं, चष्मा बदलायला झाला. मग लक्षात आलं, सुई बोटात राहतच नव्हती. उजव्या हाताचं पहिलं आणि मधलं बोट सकाळी उघडायचंच नाही. कोमट पाण्यात मीठ टाकून अर्धा तास हात बुडवून बसायची, मग चार ओळी व्हायच्या. पाचव्या ओळीला मनगटापासून कोपरापर्यंत अशी कळ जायची की डोळ्यांतून पाणी. तीन वेळा उसवला. तिसऱ्यांदा उसवताना लोकर पिंजून गेली, पुन्हा विणायच्या लायकीची राहिली नाही.

मी नर्स. सांधे सुजलेले, सकाळी आखडलेले, दोन्ही हातांना एकसारखे, हे दुसऱ्या कोणाचे पाहिले असते तर मी त्याच दिवशी तपासायला पाठवलं असतं. स्वतःला मात्र जानेवारीपर्यंत सांगत राहिले की कॅल्शियम कमी असेल. तुझे काका कणिक मळायला लागले. लसूण तेच सोलतात. माझ्या ब्लाउजचे हूकही तेच लावतात, काजल. हे तुझ्या आईलाही माहीत नाही. मी त्यांना शपथ घातली होती, कोणाला सांगाल तर बघा. ते म्हणायचे, "अवो, यात लपवाचं काय आहे? दुखणं आहे, चोरी थोडी केली." मी ऐकलं नाही.

का ऐकलं नाही ते सांगते. आंजीच्या दवाखान्यात मी सत्तावीस वर्षं होते. माझ्या हातून किती बाळंतपणं झाली ते मी कधी मोजलं नाही, पण थंडीत जन्मलेल्या प्रत्येक लेकराच्या डोक्यावर मी विणलेली टोपी असायची. रात्रपाळीत विणायची, दुपारी जेवून उठल्यावर विणायची. अजूनही वर्ध्याच्या बाजारात एखादी बाई थांबवते आणि जवान पोराला पुढे करून म्हणते, "थूल सिस्टर, हा पाहा, तुमच्या टोपीतला." आपल्या घरात तर विचारूच नकोस. विवेक, तू, तुझा भाऊ, सगळ्यांनी माझेच स्वेटर घातले. मला दुसरं काही येत नव्हतं. गाणं नाही, रांगोळी नाही, स्वयंपाकसुद्धा बेताचा. हात होते.

म्हणून बारशाच्या आदल्या दिवशी दुकानात गेले, पिवळाच स्वेटर घेतला आणि मानेचं लेबल कापलं. कात्रीसुद्धा काकांनीच चालवली. पण शिवणीत लेबलाचा तुकडा राहिला होता, तो तुझ्या आईने पाहिला. आठ दिवसांनी तिचा फोन आला, "सगळ्याच्या पोरायले हातचे, अन् माह्या नातीलेच बाजारचा? काऊन, ती गोंडाच्या घरची आहे म्हणून?" मी म्हटलं वेळ नव्हता. तिने फोन ठेवला. तुझाही फोन त्यानंतर आला नाही.

आता बारशाचं.

त्याच्या तीन आठवडे आधी वरच्या भाडेकरूंचं बाळ माझ्याकडे होतं. त्याची आई कपडे वाळत घालत होती. बाळाने अंग ताणलं आणि माझ्या हातांतून ते निसटलं. मी पलंगावर बसलेली होते म्हणून ते मांडीवर आलं. त्याला काही झालं नाही. त्याच्या आईला कळलंही नाही. पण मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जागची हलले नाही. नुकतं जन्मलेलं, ओलं, निसरडं बाळ ज्या हातांतून कधी सुटलं नाही, त्याच हातांतून हे चार महिन्यांचं, कपड्यात गुंडाळलेलं सुटलं.

तुझ्या सासूबाई बारशाला स्वीटीला घेऊन माझ्याकडे आल्या. सगळ्या बाया बसल्या होत्या. जिजाबाई म्हणाल्या, "घ्या सिस्टरबाई, तुमच्या हाताले त सवय आहे." मी हात पदराखाली घेतले आणि म्हटलं, "राहू द्या, झोपली आहे ती." ती टक्क जागी होती. सगळ्यांना दिसत होतं. जिजाबाई तिला घेऊन वळल्या.

बारशातलं एवढं तुला माहीत आहे. पुढचं नाही.

माझ्या शेजारी नाचणगावची आपल्यातली एक बाई बसली होती. तिचं नाव लिहीत नाही, तिचं काही चुकलं असं मला ठरवायचं नाही. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बरं केलं बाई. आपल्याले कुठं पटलं आहे हे?" त्यावर मी हसले. नाही म्हटलं नाही, तिला थांबवलं नाही. हसले, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लोक मला आखडू म्हणोत, जात पाहणारी म्हणोत, पण सिस्टरच्या हातात आता बाळ राहत नाही असं कोणी म्हणू नये, एवढंच त्या वेळी मनात होतं. ज्या घरात बाबासाहेबांच्या फोटोपुढे आपण लहानाचे मोठे झालो, त्या घरातली मी. मी ते चालू दिलं.

मी जात पाहून हात मागे घेतले हे लोकांनी का मानलं तेही मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी तू सूरजरावांचं नाव सांगितलंस तेव्हा तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात मीच म्हणाले होते, "आपल्यात काय पोरं नव्हती का?" तू दाराशी होतीस. तू ऐकलंस हे मी पाहिलं होतं. त्यावर आपण कधी बोललो नाही.

आता हे सगळं आजच का लिहिते आहे? मागच्या मंगळवारी मी रक्त तपासायला दवाखान्यात गेले होते. संधिवातच निघाला आहे, जानेवारीपासून औषध सुरू आहे. आठवड्यातून एक गोळी, आणि दर महिन्याला रक्त. तिथे बाकावर सूरजरावांची आजी बसली होती, बायजाबाई. डोळ्यांना पट्टी. सूरजराव औषधं आणायला गेले होते. आजींना माझी चाहूल लागली, पण ओळख पटली नसावी. पाण्याची बाटली पुढे करून म्हणाल्या, "एवढं झाकण उघडून दे वो बाई."

"द्या आजी," म्हणून मी प्रयत्न केला. दोनदा. मग दातांनी करायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. बोटं एकेक चाचपली.

"सिस्टर होय ना तू? आवाजावरून वाटलंच. अन् हे काय झालं?"

मी सांगितलं.

"मंग त्या दिवशी पोरीले घेतलं नाई, ते याच्यापायी?"

"हो."

"अन् आमी काय समजून राह्यलो होतो! जिजा त्या दिवशी भांडे घासता घासता रडली. मले म्हणे, बुढे, आपलं लेकरू तिले शिवाचं नव्हतं. सांगता नाई आलं तुले?"

"लाज वाटली."

"हाताची वाटली. अन् आमाले असं वाटू देल्लं, त्याची नाई वाटली?"

मी म्हटलं, "आजी, घरी तुम्ही सांगू नका."

"मी काऊन सांगीन? तूच सांगजो."

सूरजराव येताना दिसले आणि मी उठून गेले. त्यांनी मला पाहिलं असेल तर तेवढ्याचीही माफी.

डॉक्टरीणबाई म्हणतात, विणणं सोडायची गरज नाही. जाड सुया घ्या, दहा मिनिटं विणा, थांबा, बोटांचे व्यायाम करा. वाकडी झालेली दोन बोटं मात्र सरळ होणार नाहीत. मी दहा मिनिटं बसते. जी ओळ पूर्वी बोलता बोलता हातून व्हायची, ती मोजत विणावी लागते. परवा चुकले तर मी सुया भिंतीवर फेकल्या. काकांनी उचलून ठेवल्या. मला त्यांच्यावरच राग आला.

येत्या रविवारी सकाळच्या आर्वीच्या गाडीने निघून मी कारंजावरून तुमच्या गावाला येते. जिजाबाईंना मला समोर सांगायचं आहे, आणि बायांमध्ये घडलं म्हणून बायांसमोरच सांगायचं आहे. मला बोलवायचं नसेल तर निरोप दे, मी येणार नाही. निरोप नाही आला तर येईन. मुलीला माझ्या मांडीवर दे असं म्हणायला मी येत नाही.

ज्या दिवशी बोलायला हवं होतं त्या दिवशी हसलेली,
तुझी सुलोचना मावशी



बोरगाव मेघे
२८ मार्च २०२५

प्रिय सरू,

जय भीम. दोनदा फोन लावला, तू दोन्ही वेळा कापला. म्हणून लिहिते. काजलला लिहिलेलं पत्र तिने तुला वाचून दाखवलं हे मला तिच्याकडून कळलं, तेव्हा ते पुन्हा लिहीत नाही. रविवारी काय झालं तेवढं सांगते. तू तिथे नव्हतीस आणि तुला ते दुसऱ्याकडून कळावं असं मला वाटत नाही.

काजलने दार उघडलं. "ये" म्हणाली, पाणी दिलं आणि आत गेली. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, जिजाबाई ती हातांनी पसरत होत्या. काजलचे सासरे तानबाजी खाटेवर बसले होते, बायजाबाई त्यांच्याजवळ. शेजारच्या दोन बाया बारशाला होत्या, त्यांना मीच बोलवायला सांगितलं. मी उभी राहूनच बोलले. हातांचं सांगितलं, बाजारच्या स्वेटरचं सांगितलं, आणि मी हसले तेही सांगितलं. हसण्याचं सांगताना आवाज गेला. पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

जिजाबाई हात झटकून उठल्या.

"तुमचे हात असे झाले, हे वाईट झालं, सिस्टरबाई. पण मले चार महिने जे वाटलं, ते वाटलं. ते आता न वाटल्यासारखं नाई होत."

"नाही होत," मी म्हटलं.

त्या चहा ठेवायला गेल्या. सगळ्यांना कपात दिला, मला पसरट वाटीत आणून दिला, दोन्ही तळव्यांत धरता येईल असा. मी तो चहा कसा प्यायले ते मलाच माहीत.

सरू, मुलगी तुझ्यावर गेली आहे. कपाळ अगदी तुझं. ती पूर्ण वेळ काजलच्या कडेवर होती. मी मागितली नाही, काजलने दिली नाही.

गाडीपर्यंत सोडायला काजल आली. फाट्यावर तिने विचारलं, "मावशी, हात दुखत होते म्हणून बारशातलं झालं, मानलं. पण आमच्या लग्नाआधी तू आईजवळ जे बोललीस, तेव्हा तर तुझे हात चांगले होते."

सरू, मला काहीतरी उत्तर सुचलं असतं. वय झालं, जुन्या सवयी, लोक काय म्हणतील याची भीती. मी म्हटलं, "हो, चांगले होते. ते मी मनापासूनच म्हटलं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि आता?"

"आता तुझ्या घरचा चहा पिऊन येते आहे. जिजाबाईंच्या ठिकाणी मी असते तर मी तो दिला नसता. एवढं मला आज कळलं."

गाडी आली. चढताना दांडा मला धरता येईना, तर तिने मागून माझ्या दंडाला धरून वर घेतलं. खिडकीतून पाहिलं तेव्हा ती पाठमोरी चालायला लागली होती.

पुढे काय होईल मला माहीत नाही. तिचा फोन आलेला नाही. तू त्या दिवशी जे विचारलंस, "गोंडाच्या घरची आहे म्हणून?", त्याला मी नाही म्हणायला हवं होतं, पण खरं बोलले असते तर अर्धंच नाही म्हणता आलं असतं. हे तुला बहीण म्हणून सांगते, बाहेर कोणाला सांगायचं असेल तर खुशाल सांग.

आमच्या रूपरावांनी आता आपल्या सगळ्यांना हूकचं सांगून टाकलं आहे, त्यांना बरं वाटतंय. मला अजून लाज वाटते. फोन उचलायचा नसेल तर नको उचलू, पण एखाद्या दिवशी नाचणगावहून येऊन जा. तुझ्यापुढे रडायचं राहिलं आहे, ते मला दुसरीकडे कुठे जमत नाही.

तुला उशिरा, पण खरं सांगणारी,
तुझी सुलू